‘प्रोफेशनली वागा’ म्हणजे नेमके कसे वागा?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

खानदेशातल्या कचेऱ्या, शोरूम, रुग्णालये, पतसंस्था आणि शिकवणी वर्ग यांच्या कारभारात गेल्या काही वर्षांत एक इंग्रजी क्रियाविशेषण चांगलेच रुळले आहे. नोकरीच्या छोट्या जाहिरातींत ‘प्रोफेशनली काम करणारे उमेदवार पाहिजेत’ असे छापून येते, सकाळच्या बैठकीत व्यवस्थापक ‘जरा प्रोफेशनली वागत चला’ असे बजावतात, वार्षिक मूल्यमापनाच्या तक्त्यात त्यासाठी वेगळा रकाना असतो, आणि कोणाला कामावरून कमी करायचे ठरले की ‘आपले वर्तन अनप्रोफेशनल आढळून आले आहे’ एवढे एक वाक्य ज्ञापनात (मेमोत) पुरेसे मानले जाते. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या खासगी कंपन्यांच्या आस्थापना विभागात माझी नोकरी झाली. नेमणूकपत्रे, ज्ञापने, कारणे दाखवा नोटिसा आणि चौकशीचे अहवाल लिहिणे हेच माझे काम होते. त्या कामातून माझे असे मत झाले आहे की या शब्दाने कामाच्या जागी जेवढे उघड होते त्याहून अधिक झाकले जाते, आणि जे झाकले जाते ते बहुतेक वेळा वरिष्ठांच्या कर्तव्याचे असते. विषय रोजच्या भाकरीशी निगडित असल्यामुळे हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहे.

मुळात इंग्रजीत हे क्रियाविशेषण एकाच अर्थाचे नाही. एखादी बाई प्रोफेशनली गाते असे म्हटले, तर गाण्यावर तिचा चरितार्थ चालतो एवढेच सांगितले जाते; गाणे चांगले की वाईट याचा त्यात उल्लेख नसतो आणि विरुद्ध बाजूला हौशी गायिका उभी असते. घराची विजेची जोडणी प्रोफेशनली करून घेतली म्हणजे ती परवानाधारक तारतंत्र्याकडून करून घेतली. हे वर्ष प्रोफेशनली बरे गेले म्हणजे घरचे काही असो, कामधंद्याच्या बाजूने बरे गेले. आणि एखादा माणूस प्रोफेशनली वागला म्हणजे त्या कामाला जे कसब, जी सचोटी आणि जी मर्यादा शोभते तिला धरून वागला. आपल्याकडे कामाच्या जागी जो वापर होतो तो या शेवटच्या अर्थाचा आहे. नेमका हाच अर्थ सर्वांत सापेक्ष आहे, कारण ‘त्या कामाला काय शोभते’ हे कुठेतरी आधी ठरलेले आणि सांगितलेले असल्याशिवाय तो अर्थ उभाच राहत नाही.

या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत आहे. सर्वांसमक्ष जाहीर करणे, असा त्या मूळ क्रियापदाचा अर्थ होतो. मध्ययुगीन युरोपात ख्रिस्ती मठात प्रवेश करणारा माणूस चारचौघांत व्रत घेत असे आणि त्या व्रतग्रहणाला ‘प्रोफेशन’ म्हणत. पुढे धर्मोपदेश, कायदा आणि वैद्यक या तीन विद्यांच्या आधारे जगणाऱ्यांना तो शब्द लागू झाला, आणि मग हळूहळू इतर कामांना. म्हणजे ‘मी अमुक नियम पाळीन’ असे लोकांना आधी सांगून मग काम हाती घेणे, हा त्या शब्दाचा गाभा आहे. पगार हा त्यातला नंतरचा भाग. इंग्लंडमध्ये तर पैसे घेऊन खेळणारा ‘प्रोफेशनल’ क्रिकेटपटू बराच काळ हलक्या दर्जाचा मानला जाई. १८०६ पासून हौशी ‘जंटलमेन’ आणि पैसे घेणारे ‘प्लेयर्स’ यांच्यात सामने होत आणि ती विभागणी १९६२ पर्यंत टिकली. आज हाच शब्द केवळ प्रशंसेचा वाटतो, म्हणून तो नेहमी तसाच होता असे समजण्याचे कारण नाही. फुटबॉलमध्ये प्रतिस्पर्ध्याचा निश्चित गोल अडवण्यासाठी जाणूनबुजून केलेल्या धसमुसळेपणालाही इंग्रजीत ‘प्रोफेशनल फाउल’च म्हणतात.

मराठीत आल्यावर गोंधळ वाढतो, आणि तो ‘व्यावसायिक’ या शब्दामुळे वाढतो. स्वयंपाकाच्या गॅसचे १४.२ किलोचे सिलिंडर घरगुती आणि १९ किलोचे व्यावसायिक. तिथे व्यावसायिक म्हणजे धंद्यासाठीचे. औषधनिर्माणशास्त्राचा किंवा अभियांत्रिकीचा अभ्यासक्रमही व्यावसायिकच. तिथे अर्थ विशिष्ट विद्येचा. व्यावसायिक रंगभूमी म्हणजे तिकीट लावून चालणारी. व्यवसाय कर तर पगारदारालाही भरावा लागतो, आणि तो ज्यांना लागू आहे त्यांच्या वेतनचिठ्ठीतून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये असे वर्षाचे २,५०० रुपये कापले जातात. एका शब्दाकडे आपण इतकी कामे सोपवली आहेत. त्यामुळे ‘व्यावसायिकपणे वागा’ किंवा ‘व्यावसायिक दृष्टिकोन ठेवा’ असे म्हटले की ऐकणाऱ्याने काय घ्यावे हे त्याच्या जागेवर आणि धाकावर ठरते. एका रुग्णालयात हीच सूचना ऐकून एका परिचारिकेने रुग्णाच्या नोंदी अधिक काटेकोर ठेवायला सुरुवात केली आणि स्वागतकक्षातल्या मुलाने अनामत रक्कम भरल्याशिवाय कागदच पुढे न सरकवण्याचा नियम स्वतःला घालून घेतला. दोघांनाही आपण सूचना पाळतो आहोत असे मनापासून वाटत होते. बोलण्यातही तसेच आहे. ‘माणूस एकदम प्रोफेशनल आहे’ हे वाक्य एक जण कौतुकाने उच्चारतो आणि दुसरा, तो पैशापुरताच बोलतो, अशा अर्थाने.

मराठीला जवळचा शब्द नाही असे मात्र नाही. संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(छ) मध्ये उपजीविकेच्या स्वातंत्र्याबद्दल लिहिताना चार वेगवेगळे शब्द आले आहेत आणि मराठी पाठात त्यांतल्या पहिल्यासाठी ‘पेशा’ हा शब्द वापरला आहे. व्यवसाय, व्यापार आणि धंदा हे त्यानंतर येतात. शिक्षकी पेशा, वकिली पेशा, वैद्यकी पेशा असे आपण सहज म्हणतो आणि ‘हे पेशाला शोभत नाही’ हे वाक्य आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी होतेच. फार्सीतून आलेला हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की त्याला कोणी परका म्हणणार नाही. जिथे एकाच शब्दावाचून अडते, तिथे ‘पेशाला साजेसे’ असे लिहावे. आणि जिथे अडत नाही, तिथे आपल्याकडे तृतीयेच्या प्रत्ययाने होणारी कितीतरी क्रियाविशेषणे तयार आहेत: सचोटीने, जबाबदारीने, निगुतीने, अदबीने, मर्यादेने. जळगावच्या सराफ बाजारात निर्भेळ सोन्याला चोख म्हणतात आणि तोच शब्द व्यवहाराला, हिशेबाला, बंदोबस्तालाही लागतो. चोख काम म्हणजे काय हे खानदेशात कोणाला शिकवावे लागत नाही. या प्रत्येक शब्दात नेमके काय हवे आहे ते कळते, आणि म्हणून ते पाळले गेले की नाही हेही तपासता येते.

आता ज्या पेशांपासून हा शब्द निघाला त्यांच्याकडे पाहू. वकिलांसाठी १९६१ चा अधिवक्ता अधिनियम आणि भारतीय विधिज्ञ परिषदेचे नियम आहेत. त्या नियमांनुसार पक्षकाराने लबाडीचा मार्ग धरला तर वकिलाने त्याला आवरायचे असते, आणि तो ऐकत नसेल तर त्याचे काम नाकारायचे असते. सनदी लेखापालांसाठी १९४९ चा कायदा आहे आणि हिशेबातली महत्त्वाची गोष्ट माहीत असून ती अहवालात न सांगणे हे त्याच्या परिशिष्टात गैरवर्तन म्हणून नोंदलेले आहे. फी देणाऱ्या कंपनीला ते आवडो वा न आवडो. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या विनियमांत, दाखल झालेल्या रुग्णाच्या नोंदी तीन वर्षे जपून ठेवाव्यात आणि रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या नातेवाइकाने मागितल्यावर त्या ७२ तासांच्या आत द्याव्यात, असे लिहिलेले आहे. हे तीन दाखले मी मुद्दाम घेतले, कारण तिन्हींत एक समान गोष्ट आहे. पेशाला धरून वागणे म्हणजे पैसे देणाऱ्याच्या किंवा वरच्याच्या मर्जीप्रमाणे वागणे नव्हे; उलट त्या मर्जीच्या वर असलेल्या एका जाहीर नियमाला धरून, वेळ आली तर नकार देऊनही, वागणे. कामाच्या जागी आपण जो अर्थ चालवतो त्यात हा नकाराचा भाग संपूर्णपणे गळून गेला आहे, आणि माझी तक्रार मुख्यतः त्याबद्दल आहे.

भुसावळच्या लोकांना याचे उदाहरण घरातलेच मिळेल, कारण त्या शहरातल्या असंख्य घरांत कोणी ना कोणी रेल्वेत आहे. गाडी चालवताना सिग्नल दृष्टीस पडला की लोको पायलट आणि सहायक लोको पायलट या दोघांनी त्याचा संकेत एकमेकांना मोठ्याने सांगायचा, असा रेल्वेचा सामान्य नियम आहे. सहायकाने ज्येष्ठाचा मान राखून गप्प बसायचे नाही आणि ज्येष्ठाने ‘मला दिसतो आहे’ म्हणून त्याला गप्प करायचे नाही. नियम दोघांना सारखा आहे, लेखी आहे, आणि तो का आहे हे दोघांना ठाऊक आहे. तिथे कोणी ‘प्रोफेशनली गाडी चालवा’ अशी मोघम सूचना देऊन मोकळे होत नाही.

याउलट आपल्या खासगी कामाच्या जागांवर हे क्रियाविशेषण बहुतेक करून वरून खाली येते. रात्री दहा वाजता व्यवस्थापकाचा फोन उचलला नाही म्हणून मुलगी अनप्रोफेशनल ठरते. पण पगार महिन्याच्या दहा तारखेचा वीस तारखेवर नेणाऱ्या मालकाबद्दल तो शब्द कोणी उच्चारत नाही. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी आणि जादा कामाचा दुप्पट दर ठरवून दिलेला आहे, आणि त्याची आठवण करून देणाऱ्या कामगाराला ‘ॲटिट्यूड प्रोफेशनल नाही’ असे ऐकावे लागते. रावेर-सावद्याच्या केळीपट्ट्यात बागेत उभे राहून भाव ठरतो, त्या भावावर विश्वासून शेतकरी घड कापू देतो, आणि ट्रक भरत आला की बाजार पडल्याचे कारण सांगून भाव खाली ओढला जातो. कापलेला माल बागेत परत लागत नाही, हे दोघांनाही माहीत असते. आपल्या भागात पेशाला न शोभणारे वर्तन कोणते, असे मला कोणी विचारले तर मी आधी याच गोष्टीचे नाव घेईन. पण त्या व्यवहाराला ‘मार्केट’ म्हटले जाते आणि त्याच ठिकाणी हिशेब लिहिणाऱ्या पोराने शर्ट खोचला नाही तर त्याला प्रोफेशनल वागणुकीचे धडे मिळतात.

भाषेच्या बाबतीत तर हा शब्द मला अन्यायकारक वाटतो. अहिराणी किंवा लेवा गणबोली बोलणाऱ्या मुलामुलींना शोरूममध्ये, बँकांच्या मदतकक्षात, रुग्णालयाच्या स्वागतकक्षात बजावले जाते की ग्राहकाशी अहिराणीत बोलणे प्रोफेशनल दिसत नाही, कोणाला भाऊ, आप्पा, माय म्हणू नका, सगळ्यांना सर आणि मॅडम म्हणा. साक्री, नवापूर, अक्कलकुवा, धडगाव या भागांतून धुळ्याला किंवा नंदुरबारला दवाखान्यात येणाऱ्या बाईला ‘काय व्हयनं माय?’ असे विचारणारी, तिला कोणता कागद कुठे द्यायचा हे तिच्या बोलीत समजावून सांगणारी मुलगी पेशाला साजेसे वागते, असे मी ठामपणे म्हणेन. जिची बोली अहिराणीही नाही, मावची किंवा पावरी आहे, तिच्यासाठी तर असा एक माणूस स्वागतकक्षात असणे हे कामाच्या गुणवत्तेचेच लक्षण मानले पाहिजे. गोळी जेवणाआधी की नंतर, दिवसातून दोनदा की तीनदा, हे रुग्णाला कळले पाहिजे. ते न कळता तोंडातून बाहेर पडलेल्या ‘मॅडम’ने काही साधत नाही. आप्पा, नाना, तात्या, अक्का ही आपल्याकडची आदराची हाक आहे. तिच्यात सलगी करून कामात सवलत मागण्याचा प्रकार होत असेल तर सवलत नाकारावी, हाक नाकारण्याचे कारण नाही.

एक प्रकार त्याहून गंभीर आहे आणि तो मी चौकशीच्या कागदांत पाहिलेला आहे. वरिष्ठाच्या नको त्या बोलण्याबद्दल किंवा स्पर्शाबद्दल एखाद्या कर्मचारी महिलेने तोंड उघडले की ‘हे प्रोफेशनली घ्या, ऑफिसचे वातावरण बिघडवू नका’ असा सल्ला तिला दिला जातो, तोही पुष्कळदा हितचिंतकाच्या स्वरात. कामाच्या ठिकाणी महिलांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असणे बंधनकारक केले आहे, तिथे ती नसेल किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्यात स्थानिक समितीकडे जाण्याची सोय आहे, आणि तक्रार सामान्यतः घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करायची असते. ती तीन महिन्यांची मुदत अशाच सल्ल्यांत निघून जाते. कामाच्या जागची मर्यादा ज्याने मोडली त्याच्यासाठी असलेला शब्द जिची मर्यादा मोडली गेली तिला गप्प करण्यासाठी वापरला जावा, यासारखा उलटा वापर दुसरा नसेल.

कायद्याच्या दृष्टीनेही मोघम शब्द टिकत नाही, हे मालकवर्गाने लक्षात घ्यावे. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४६ च्या औद्योगिक सेवायोजन (स्थायी आदेश) अधिनियमाचा हेतूच असा होता की नोकरीच्या अटी आणि गैरवर्तनाचे प्रकार आधी लिहून काढावेत आणि कामगाराला ते माहीत असावेत. त्याखालच्या नमुना स्थायी आदेशांत चोरी, लबाडी, लाच, सवयीचा उशीर, विनारजा गैरहजेरी, हयगय असे प्रकार नावानिशी आले होते, आणि आज्ञाभंग हा गुन्हाही ‘कायदेशीर आणि वाजवी’ आज्ञेचा भंग अशाच शब्दांत होता. प्रत्येक आज्ञा त्यात बसत नव्हती. ग्लॅक्सो लॅबोरेटरीजच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की स्थायी आदेशांत जे गैरवर्तन म्हणून नोंदलेले नाही त्यासाठी नंतर ओढूनताणून शिक्षा करता येणार नाही, कारण कामगाराला आपण काय केले तर शिक्षा होईल हे आधी कळले पाहिजे. १९८४ मध्ये ए. एल. कालरा यांच्या प्रकरणात, न शोभणारे वर्तन अशा सर्वसाधारण शब्दांच्या नियमावर गैरवर्तनाचा आरोप उभारता येत नाही, असे त्याच न्यायालयाने सांगितले. शासकीय कर्मचाऱ्यांच्या १९७९ च्या वर्तणूक नियमांतही संपूर्ण सचोटी आणि कर्तव्यपरायणता ही सुरुवातीची अपेक्षा सांगून झाल्यावर, भेटवस्तू, खासगी धंदा, कर्ज, मालमत्ता असे एकेक विषय घेऊन पुढचे नियम लिहिलेले आहेत. लिहिणाऱ्यांना माहीत होते की केवळ अपेक्षा सांगून भागत नाही.

म्हणून माझा आग्रह असा आहे की ज्ञापनातून ‘अनप्रोफेशनल’ हा शब्द काढून टाकावा आणि घडलेली गोष्ट लिहावी. ‘अमुक तारखेला दुपारी काउंटरवर ग्राहकाकडून रोख रक्कम घेऊन पावती दिली नाही’ असे लिहिले की कर्मचाऱ्याला उत्तर देता येते, साक्षीदाराला बोलता येते आणि चौकशी अधिकाऱ्याला निष्कर्ष काढता येतो. ‘सहकाऱ्याशी सर्वांसमोर अपशब्द वापरून बोललात’ हेही चालेल. कोणते शब्द ते नोंदवावे लागेल, आणि तेच योग्य आहे. अनुभव असा आहे की घटना लिहायला बसले की निम्मी ज्ञापने लिहिलीच जात नाहीत, कारण लिहिण्यासारखे काही घडलेलेच नसते. साहेबांची नाराजी तेवढी असते. मूल्यमापनाच्या तक्त्यातही ‘प्रोफेशनल वागणूक: पाचपैकी गुण’ या रकान्याऐवजी वेळ पाळणे, नोंदी पूर्ण ठेवणे, ग्राहकाची माहिती बाहेर न सांगणे, चूक झाल्यास स्वतःहून कळवणे असे चार रकाने करावेत. कागदाला थोडी जास्त जागा लागेल. आणि त्याच तक्त्याची दुसरी बाजू कर्मचाऱ्याने वरिष्ठांसाठी भरावी, अशी सूचना मी काही ठिकाणी केली होती. ती कुठेही मान्य झाली नाही, तरी मी ती इथे पुन्हा मांडतो.

यावर एक आक्षेप येतो आणि तो प्रामाणिक आहे. आपली मुले पुण्याला किंवा बंगळुरूला मुलाखतीला जातात, तिथे हाच शब्द चालतो, मग तो इथेच शिकवला तर बिघडले काय? अमळनेरला १९४५ च्या अखेरीस वनस्पती तुपाची कंपनी म्हणून सुरू झालेला उद्योग आज विप्रो या नावाने संगणकक्षेत्रात ओळखला जातो आणि आपल्या जिल्ह्यांतले कितीतरी अभियंते अशाच कंपन्यांत काम करतात. तेव्हा त्या जगाची भाषा मुलांना आली पाहिजे, याबद्दल वाद नाही. तो शब्द पूर्ण शिकवावा, एवढेच माझे म्हणणे आहे. महाविद्यालयांत व्यक्तिमत्त्व विकासाच्या नावाखाली टाय बांधणे, हस्तांदोलन करणे आणि ‘गुड मॉर्निंग’ म्हणणे शिकवले जाते आणि तेवढ्यालाच प्रोफेशनल वागणे म्हटले जाते. नेमणूकपत्र वाचून मगच सही करावी, नोटीस पीरियड किती आहे ते पाहावे, ठरलेल्या दिवशी काम होणार नसेल तर आदल्या दिवशीच कळवावे, न समजलेले काम समजल्यासारखे दाखवू नये, दुसऱ्याचे काम आपल्या नावावर खपवू नये, खोट्या बिलावर सही करायला सांगितले तर लेखी आदेश मागावा, या गोष्टी कोणत्या तासाला शिकवल्या जातात? इंग्रजीत प्रोफेशनली या शब्दाखाली या सगळ्याच गोष्टी येतात. शेवटची तर विशेष करून येते. आमच्या मुलांना मिळणारे शिक्षण मात्र त्यांना कपड्यांपर्यंत नेऊन सोडते, आणि मग पहिल्या नोकरीत कोणी खोट्या मोजमापावर सही मागितली की ‘प्रोफेशनल राहायचे तर साहेबांचे ऐकावे’ असा निष्कर्ष ती स्वतःच काढतात. ज्या वर्गात हा शब्द उच्चारला जातो त्याच वर्गात वकील, लेखापाल किंवा परिचारिका अशा एखाद्या पेशातल्या माणसाने येऊन आपण कोणत्या कामाला कधी नकार दिला हे सांगितले, तर मुलांना तो शब्द नीट कळेल असे मला वाटते.

संपादक महोदय, आपल्या दैनिकाकडूनही दोन अपेक्षा आहेत. छोट्या जाहिरातींच्या विभागाने ‘प्रोफेशनली काम करणारे’ असे शब्द असलेली जाहिरात आली की जाहिरातदाराला कामाचे तास, सुट्टी आणि पगार लिहिण्याची विनंती करावी. उमेदवाराला त्या माहितीची गरज असते आणि शब्दसंख्या फारशी वाढत नाही. बातम्या लिहिताना वार्ताहरांनी ‘डॉक्टरांचे अनप्रोफेशनल वर्तन’ किंवा ‘व्यावसायिकतेचा अभाव’ असे मथळे टाळून नोंदी दिल्या नाहीत, वेळेवर तपासले नाही, उद्धट बोलले, यांपैकी जे घडले ते लिहावे. आरोप असेल तर कोणाचा आरोप तेही लिहावे. ज्याच्याविरुद्ध बातमी आहे त्याच्यासाठीही हे न्याय्य आहे, कारण त्याला नेमक्या कशाचे उत्तर द्यायचे ते कळते.

कारणे दाखवा नोटिशीचा आणि मूल्यमापन तक्त्याचा साध्या मराठीतला एकेक नमुना मी तयार केला असून तो या पत्रासोबत वेगळ्या कागदावर जोडला आहे. लहान कारखाने, डाळ मिल, चटईचे कारखाने आणि पतसंस्था यांच्याकडे स्वतंत्र आस्थापना विभाग नसतो आणि तिथे इंग्रजी नमुन्यांचीच नक्कल होते. जागा असल्यास तो नमुना आपल्या उद्योगविषयक पानावर छापावा, आणि कामगार न्यायालयात काम करणाऱ्या वकिलांनी त्यात दुरुस्त्या सुचवल्यास त्याही छापाव्यात, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त आस्थापना अधीक्षक,
जळगाव